ब्लॅकपूलचा खारा वारा आणि गाडीची हाडं

आपली चौपाटी, गणपतीतली रोषणाई आणि गावची जत्रा एकत्र करा. त्यावर समुद्राकडून एक मोठ्ठा पंखा सोडा. झालं तुमचं ब्लॅकपूल! इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे इथल्या मिलमजुरांच्या तीन-चार पिढ्यांची हक्काची सुट्टी. समुद्रात घुसलेले तीन पिअर, 1885 पासून धावणारी इलेक्ट्रिक ट्राम, तुमच्या हातातल्या चिप्सवर डोळा ठेवून बसलेले सीगल आणि 'रॉक' नावाची कांडीसारखी मिठाई. ही कांडी कुठेही मोडा, आत गावाचं नाव लिहिलेलं दिसतं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत!

पण आम्ही मार्चमधल्या त्या शनिवारी ब्लॅकपूलला गेलो ते रॉक खायला नाही. आम्ही गेलो होतो एका गाडीची हाडं तपासायला.

ऐका, सांगतो.

वेड्यांचा कारखाना

ट्रेव्हर विल्किन्सन नावाच्या एका तरुण मेकॅनिकने 1940 च्या दशकात ब्लॅकपूलमध्ये गाड्या बनवायला सुरुवात केली. स्वतःच्या नावातली तीन अक्षरं उचलली आणि कंपनीचं नाव ठेवलं टीव्हीआर. पुढे 1980 च्या दशकात पीटर व्हीलर मालक झाले आणि 1990 च्या दशकात ग्रिफिथ, किमेरा अशा एकाहून एक भन्नाट गाड्या इथल्या ब्रिस्टल अव्हेन्यूवरच्या शेडमधून बाहेर पडल्या. पुढे व्ही-एट इंजिन, वर फायबरची हलकी बॉडी आणि आवाज असा, की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथराव्यात. व्हीलर यांनी 2004 मध्ये कंपनी विकली आणि 2006 मध्ये ब्लॅकपूलमधलं उत्पादन थांबलं. आता शहरात उरलंय ते नाव, आठवणी आणि या गाड्यांवर अजूनही जीव लावणारी मंडळी.

माझा एक सोलापूरचा मित्र यापैकीच. मँचेस्टरला आयटीत आहे. घरी शहाण्या माणसासारखी फॅमिली कार आहे, आणि तिच्या शेजारी 1990 च्या दशकातली सेकंडहँड किमेरा. वहिनी तिला 'तुमची सवत' म्हणत नाहीत, 'माझी सवत' म्हणतात! गाडीची एमओटी, म्हणजे इथली दरवर्षीची फिटनेस टेस्ट, जवळ आली होती. टेस्टच्या आधी खालून एकदा बघून घ्यावं म्हणून त्याने ब्लॅकपूलच्या एका छोट्या गॅरेजची वेळ घेतली. मला म्हणाला, "चल रे, समुद्रही बघून होईल." मी काय, लगेच तयार!

वरून परी, खालून?

तुम्ही म्हणाल, फायबरची बॉडी गंजणार कशी? बरोबर, बॉडी गंजत नाही. पण ती ज्यावर बसते तो सांगाडा, म्हणजे चासी, स्टीलच्या नळ्यांची असते. मधोमध मुख्य कणा आणि दोन्ही बाजूंना दरवाज्यांच्या खालून जाणाऱ्या नळ्या. या बाजूच्या नळ्यांना इथे 'आउटरिगर' म्हणतात. म्हणजे हाडं आणि बरगड्याच समजा.

या नळ्यांवर कारखान्यातच पावडर कोटिंग होतं. पावडर फवारायची आणि साधारण 200 अंशाला भाजायची. कोट चकचकीत आणि कडक. पण पंचवीस-तीस वर्षं रस्त्यावरचे खडे खाल्ल्यावर कुठे ना कुठे टवका उडणारच. मग त्या बारीक भेगेतून पाणी आत शिरतं आणि कोटाच्या खाली पसरत जातं. बाहेरून सगळं काळं कुळकुळीत, आत मात्र पोखरायला सुरुवात!

त्यात इथला हिवाळा. बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर ट्रकच्या ट्रक मीठ टाकतात. मँचेस्टरजवळच चेशायरमध्ये विन्सफर्डला 1844 पासून त्याची जमिनीखाली खाण आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतोच. त्यात मीठ पडलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाची गाडी टॉप गिअरमध्ये जाते. गंमत म्हणजे मिठाने ओली झालेली गाडी उबदार गॅरेजमध्ये लावली तर ती बाहेरच्या थंडीतल्यापेक्षा लवकर गंजते. उबेत ही प्रक्रिया वेगाने होते. म्हणून आधी धुवा, मग पार्क करा!

स्क्रू-ड्रायव्हर आत गेला

गॅरेजवाले गृहस्थ साठीच्या पुढचे. कमी बोलणारे, हात सतत चालू. आम्ही दोघांनी मनातल्या मनात त्यांचं नाव 'काका' ठेवून टाकलं. काकांनी गाडी रॅम्पवर चढवली, चाकं काढली आणि साध्या पाइपने खालचा चिखल धुऊन काढला. जेट वॉशरला हात लावला नाही. जोराचं पाणी सुटलेल्या कोटाच्या आणखी आत घुसतं, म्हणे. चिखल मात्र पूर्ण जायलाच हवा. तो ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो.

मग त्यांनी छोटी हातोडी घेतली आणि नळ्यांवर ठोकत निघाले. टण, टण, टण... आणि डाव्या बाजूला एकदम 'थप'.

खालून बघाल तर तिथे काहीच नव्हतं. आधीच्या कुणीतरी त्यावर डांबरासारखा जाड काळा थर फासला होता. अगदी गुळगुळीत. काकांनी आरसा आणि बारीक कॅमेरा घेऊन नळीची वरची बाजू दाखवली, बॉडीला चिकटून असलेली. चिखल साचतो तो तिथेच आणि सहसा कुणाचं लक्षही तिथे जात नाही. थर खरवडला, तर गंजाचे पापुद्रे लिमलेटच्या गोळ्यांच्या कागदासारखे सुटून आले. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जरासा दाबला आणि तो सरळ आत गेला.

मित्राचा चेहरा पडला. मग तो हळूच मला मराठीत म्हणाला, "अरे, वरून परत काळं मारून देऊ या का? एमओटी निघाली की विकून टाकतो."

काकांना मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. पण तो चेहरा त्यांनी आधी पाहिलेला असावा. हात पुसत म्हणाले, "काळं मारलं तर गाडी विकली जाईल. पुढच्या माणसाला बाजूने धडक बसली तर तो कशाच्या भरवशावर असेल?"

मित्र काही बोलला नाही. काका म्हणाले, "जा, समुद्रावर फिरून या. नळ्या वाळायला वेळ लागेल. ओल्या लोखंडावर मी काही लावत नाही."

टॉवरची गोष्ट

मग काय, निघालो. वारा असा, की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू येईना. चालत चालत पोचलो ब्लॅकपूल टॉवरपाशी. 1889 मध्ये पॅरिसचा आयफेल टॉवर पाहून इथले महापौर जॉन बिकरस्टाफ भारावून गेले आणि 1894 मध्ये ब्लॅकपूलचा स्वतःचा टॉवर उभा राहिला. उंची 518 फूट, स्टील सुमारे अडीच हजार टन आणि समोर थेट आयरिश समुद्र! वर काचेची जमीन आहे. तिच्यावर उभं राहून खाली बघायला छाती लागते.

पण मला टॉवरचा आवडला तो इतिहासाचा वेगळाच तुकडा. पहिली तीस वर्षं याची रंगरंगोटी नीट झालीच नाही. खाऱ्या वाऱ्याने स्टील इतकं खाल्लं, की टॉवर पाडून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या. शेवटी 1921 ते 1924 या काळात सगळं स्टील बदलावं लागलं. अख्ख्या टॉवरचं! रंगाचे पैसे वाचवायला गेले आणि सांगाड्याचे मोजून बसले. तेव्हापासून टॉवरची देखभाल कायम चालू असते. त्यावर चढून काम करणाऱ्यांना इथे प्रेमाने 'स्टिक मेन' म्हणतात.

मित्र बराच वेळ मान वर करून बघत होता. मग म्हणाला, "यांनी वरून काळं मारलं नाही, बदललं." मी म्हटलं, "हो ना." बस्स, एवढंच. परत जाऊन त्याने काकांना सांगितलं, डावी नळी कापा आणि नवीन जोडा.

हाडांची मलमपट्टी

वेल्डिंग दुसऱ्या दिवशी झालं. बॅटरी काढली, आतलं कार्पेट उचललं, पेट्रोलच्या नळ्या सुरक्षित केल्या. फायबरला आग लागायला ठिणगी पुरते. नवीन नळी बसली. उजवी बाजू सुदैवाने ठणठणीत निघाली. तिच्यावरचा सुटलेला कोट मात्र काढायलाच हवा होता, आणि ते काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि पाठ मोडेपर्यंत घासकाम! नियम साधा: कोट जिथपर्यंत सुटतोय तिथपर्यंत काढायचा, चांगला चिकटलेला लागेपर्यंत. खालचं लोखंड चकाकलं पाहिजे. खड्ड्यांत राहिलेल्या बारीक गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावायचं. त्यातलं फॉस्फरिक किंवा टॅनिक ॲसिड गंजाचा काळा, स्थिर थर करतं. पण हे काही जादूचं पाणी नाही. सुटे पापुद्रे तसेच ठेवून वर फासलं तर पैसे वाया. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर चासी पेंट. पावडर कोटिंग तेवढ्याच तुकड्यावर पुन्हा करता येत नाही. त्यासाठी बॉडी उतरवून उघडी चासी भट्टीत घालावी लागते. पक्का इलाज हवा असेल तर तीच चासी सुमारे 450 अंशाच्या वितळलेल्या जस्तात बुडवायची, आपल्या घरच्या जीआय पाइपसारखी. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. लोटसने 1980 च्या दशकात आपल्या एस्प्रितसाठी हेच केलं होतं.

शेवटी मेण. लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळ नळ्यांच्या आत आणि मग बाहेरून. काकांनी मुद्दाम पारदर्शक मेण निवडलं. डांबराचा थर वाळतो, तडकतो आणि आत पाणी कोंडून ठेवतो. मेण मऊ राहतं, ओरखडा पडला तर सरकून भरतं आणि मुख्य म्हणजे खालचं लोखंड दिसत राहतं. ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर आणि पाणी निघून जायची भोकं मात्र झाकून घ्यायची.

"आता किती वर्षं बघायला नको?" मित्राने विचारलं.

"पुढच्या मार्चमध्ये या," काका म्हणाले.

तर मंडळी, पुढच्या वेळी शोरूममधला गोड माणूस तुम्हाला 'अँटी-रस्ट कोटिंग' विकायला लागला, तर गाडी मुंबईची असो की पुण्याची, तीन प्रश्न विचारा. लावण्याआधी खालून धुणार का? पूर्ण वाळवणार का? आणि लावल्यावर खालचा पत्रा मला दिसेल का? एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशातच ठेवा. त्यापेक्षा दर पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर चढवा, खाली उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दहा मिनिटांचं काम आहे!

जाल तर...

मँचेस्टरहून ब्लॅकपूल नॉर्थला ट्रेनने साधारण सव्वा तास, लंडनहून तीन तासांच्या आसपास. रोषणाई बघायची असेल तर ऑगस्टअखेरीनंतर जा. जॅकेट कोणत्याही महिन्यात न्या. आणि किनाऱ्यावर भाड्याची गाडी फिरवली असेल, तर परत करण्याआधी खालून पाणी मारा. पुढचा माणूस दुवा देईल.