अपील मागे

गेल्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून वर्ध्याला जाऊन आलो. मॅनेजरला कारण सांगितलं, "घरचं काम." खरं काम होतं सेशन्स कोर्टात. स्वतःचंच अपील मागे घ्यायचं होतं.

प्रकरण तसं छोटं. मावसभावाचं लग्न, मित्रांची फर्माईश आणि नागपूरहून एसटीने येताना पिशवीत चार बाटल्या. अंतर जेमतेम 75 किलोमीटर, पण तिकडे दुकानात बिलासकट मिळणारी वस्तू इकडे गुन्हा! आमचा जिल्हा गांधीजींच्या सेवाग्रामचा, म्हणून दारूबंदीचा. हे शाळेपासून पाठ, त्यामुळे 'माहीत नव्हतं' म्हणायचीही सोय नाही. पोलिसांनी गाडी तपासली. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली केस झाली. शिक्षा काय, तर दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं. बसलो.

अपील केलं ते ऑनसाइटसाठी. 'कधी दोषी ठरलात का?' या रकान्यात 'नाही' लिहायचं होतं.

वकीलसाहेबांना मुद्दाही सापडला. पिशवी सीटखाली होती. नुसती जवळ सापडून भागत नाही, ती जाणीवपूर्वक ताब्यात होती हे सिद्ध व्हावं लागतं.

"पण मी पोलिसांना सांगितलं होतं, माझी आहे म्हणून."

"पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. शेजारी कोण होतं?"

"एक शेतमजूर काका."

"बस्स! तेवढा संशय पुरे."

लॉजिक बिनतोड. एकही एरर न येता कोड चालावा तसं. पण मला ते काका आठवले. तपासणीच्या वेळी ते हात जोडून "माझी नाही जी, साहेब" म्हणत होते आणि मी चार-पाच सेकंद गप्प होतो. मग बोललो. ते चार-पाच सेकंद कुठल्याच कागदावर नाहीत. आता तेच वकिली भाषेत, पानभर लांबवून, सहीनिशी द्यायचे होते.

नाही जमलं.

पुरसिस दिली. कोणाचा दबाव आहे का, असं जजसाहेबांनी विचारलं. नाही म्हटलं. दोन मिनिटांत काम संपलं.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या माणसाला तेव्हा चहा तरी पाजला होतास का?"

नव्हता पाजला. नावही विचारलं नव्हतं.

असो. सोमवारी फॉर्म भरायचाय. त्या रकान्यात 'होय' लिहीन. ऑनसाइटचं काय व्हायचं ते होईल.