नानांचा हात

नाना माणसं हातावरून ओळखायचे. ज्योतिषी नव्हते, हॅम होते. कानाला हेडफोन, समोर लाकडी फळीवर बसवलेली पितळी की आणि सात मेगाहर्ट्‌झवरचा सकाळचा गोंगाट. त्या गोंगाटातून कुणी मोर्समध्ये हाक घातली की त्याचं कॉलसाइन पुरं व्हायच्या आत नाना सांगायचे, "हा आपला धारवाडवाला. डा कसा लांबवतो बघ." मला नुसतं टूं-टूं ऐकू यायचं.

सांगलीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. माडीवर सेट, गच्चीवर वीस मीटर वायरची अँटेना, जिच्यावर काकू पापड वाळवायच्या वेळी ओली चादर टाकायच्या आणि बोलणी खायच्या. नाना तार ऑफिसातून रिटायर झालेले. कट्ट-कडकट्ट ऐकत ऐकत इंग्रजी कागदावर उतरवायचं, हे त्यांचं तरुणपण. मग टेलिप्रिंटर आले, कॉम्प्युटर आले, २०१३ च्या जुलैत तारच बंद झाली. नानांना त्याचं फार दुःख झालेलं मला आठवत नाही. त्यांचं मोर्स माडीवर सुरूच होतं.

त्यांची आवडती गोष्ट अंदमानची. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला हौसेनं सेट लावून बसले होते. त्या बेटांवरून हॅमला परवानगी क्वचितच मिळायची, म्हणून जगभरातून लोक त्यांच्याशी बोलायला तुटून पडलेले. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले आणि त्याच सेटवरून माणसांची खुशाली बाहेर कळू लागली. "हौस होती म्हणून सेट तिथं होता," नाना म्हणायचे. हे वाक्य मी निदान वीसदा ऐकलं असेल.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हॅमचं लायसन्स काढलं, पण रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं. त्याला मोर्स लागत नाही. जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्द घेता आणि पाठवता यावे लागतात. हिशोब केला तर एक डिट १५० मिलिसेकंदांचा, म्हणजे अगदी रमतगमत. नाना म्हणाले, "आठ शब्द काय रे, तू झोपेत घेशील." मी म्हणालो, "नाना, आता मशीन वाचेल की." ते हसले, पण त्या दिवशी त्यांनी मला कीला हात लावू दिला नाही.

फायनल इयरला मी तेच केलं. मोर्स डीकोडर. मोर्सची रचना मला तेव्हा फार आवडली होती, अजूनही आवडते. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणाऱ्या 'ई'ला एकच डिट, 'टी'ला एकच डा. आम्ही हफमन कोडिंग शिकलो ते १९५२ चं. तीच कल्पना इथं शंभरेक वर्षं आधी. फरक एवढाच की हफमनला मध्ये जागा सोडावी लागत नाही. मोर्समध्ये शांतताही मोजावी लागते : अक्षराच्या आत एक मात्रा, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात.

नानांच्या हाताची दोन रेकॉर्डिंग माझ्याकडे होती. एक २०१७ च्या दिवाळीतलं, सहज फोनवर केलेलं. दुसरं वर्षभरानंतर, खास प्रोजेक्टसाठी. पहिल्याचा आलेख काढला तर दोन सुबक डोंगर दिसायचे, एक डिटचा, एक डाचा. दुसऱ्यात डोंगरच नव्हते, सगळा चिखल. डा मध्येच तुटत होता, एकाचे दोन होत होते. प्रोग्रॅम भलतंच काहीतरी छापत होता.

मी नानांना फोन केला. "तुमच्या कीचे कॉन्टॅक्ट खराब झालेत. घासून घ्या." त्यांनी घासले. दोनदा. काकू नंतर म्हणाल्या, दुपारभर पॉलिश पेपर घेऊन बसले होते, जेवायलाही उठेनात. तरी सुधारणा नाही. मग मी कोडमध्ये डीबाउन्स टाकला : चाळीस मिलिसेकंदांपेक्षा लहान खंड असेल तर तो नव्हताच असं समजा. डीकोडर झकास चालला. परीक्षकांनी कौतुक केलं.

२०१९ च्या पुराचं पाणी उतरल्यावर नानांनी खालच्या घराच्या डागडुजीसाठी चेक लिहिला. सही जुळत नाही म्हणून तो परत आला. काकूंनी पासबुकावरची जुनी सही शेजारी धरली तर नवी निम्म्याहून बारीक. मग डॉक्टर. कंपवात.

त्या रात्री मी दुसरं रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं. कॉन्टॅक्टवरची घाण कशीही, केव्हाही नडते. हे खंड तसे नव्हते. साधारण दर दोनशे मिलिसेकंदांनी एक, सेकंदाला पाच. कंपवाताचा कंप सेकंदाला चार ते सहा असतो, हे मी त्याच रात्री वाचलं. आलेख वर्षभर माझ्या लॅपटॉपवर होता. मी त्याला नॉइज म्हटलं होतं.

नानांना मी हे सांगितलं नाही. काकूंनाही नाही. सांगून काय झालं असतं, हा प्रश्न आहेच; पण न सांगण्याचं कारण तो नव्हता, एवढं मला कळतं. नाना गेले त्याला आता तीन वर्षं होतील. गेलेल्या हॅमला 'सायलेंट की' म्हणतात. काकूंनी ती पितळी की मला दिली. कॉन्टॅक्ट आरशासारखे आहेत.

मोर्स मी अखेर कानानं शिकलो, गेल्या पावसाळ्यात, ऑफिसच्या बसमध्ये. मग डीबाउन्स काढून टाकला आणि ते रेकॉर्डिंग नुसतं ऐकलं. मोर्समध्ये चुकलं की सलग आठ डिट द्यायचे, म्हणजे 'खोडतो, पुन्हा देतो'. पाच मिनिटांत नानांनी ते अकरा वेळा दिले आहेत. माझ्या प्रोग्रॅममध्ये आठ डिटांना काहीच छापायचं नाही असं ठरलेलं होतं, त्यामुळे स्क्रीनवर ते कधी दिसलेच नाहीत.

शेवटी की थांबते. खाली कुकरची शिट्टी होते. नाना विचारतात, "आलं का रे सगळं?"

"आलं, नाना," मी म्हणतो. मी तेव्हा स्क्रीनकडे बघत होतो.