शेवटचा रकाना

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला मी चिंचपोकळीच्या पुलावरून खाली उतरते. खांद्याच्या पिशवीत दोनशे पानी लांब वही असते. काळाचौकी, लालबाग, भारतमाता, करी रोड, डिलाईल रोड आणि तिथून वरळी नाका हा माझा ठरलेला फेरा. वाटेत जिथे जिथे पत्रे ठोकलेले दिसतात तिथे थांबायचं, फलक वाचायचा, पत्र्याच्या फटीला डोळा लावायचा आणि दिसेल ते लिहून घ्यायचं. वॉचमन आता ओळखतात. एकानं तर मला नीट बघता यावं म्हणून फटीजवळ सिमेंटचा एक ठोकळा आणून ठेवला आहे.

वहीत रकाने आहेत. नवं नाव. जुनं नाव. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक. पूर्ण होण्याची तारीख. मुदतवाढ. खोदाई, जोतं, कितवा स्लॅब. आणि शेवटचा, सगळ्यात रुंद आखलेला रकाना: ‘लोक कुठे गेले’. हा रकाना मला फलकावर कधी दिसला नाही, म्हणून तर वही केली.

आमच्याकडे म्हणतात, ‘बिल्डिंग डेव्हलपमेंटला गेली.’ गावचा मुलगा पलटणीत गेला, तसं. गेली म्हटल्यावर कधी येणार हे ओघानंच विचारलं जातं. पहिली दोन वर्षं सगळे विचारतात. मग काहीजणच विचारतात. मग एखादी म्हातारी विचारते आणि बाकीचे विषय बदलतात. या सगळ्याची एक बोली तयार झाली आहे आणि ती आता भाजीवालीलाही येते: तेहतीस-सात, संमती, आयओडी, सीसी, भाडं, कॉर्पस, रिहॅब, सेल, ओसी. आयओडी हा यातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा शब्द. बांधकामाच्या मंजुरीची वाट महापालिकेच्या ज्या कागदापासून सुरू होते, त्याचं नाव चक्क ‘नापसंतीची सूचना’ असं आहे. तुमचा प्रस्ताव नामंजूर आहे, अमुक अमुक अटी पुऱ्या करा, मग पुढे जा, असं तो कागद सांगतो. आमच्या चाळीची आयओडी आली त्या संध्याकाळी जिन्यात पेढे वाटले होते. नकाराच्या कागदावर पेढे वाटणारी माणसं किती वर्षं वाट पाहत असतील याचा हिशोब कुणी केला पाहिजे.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. पुढे फार वर्षांनी, शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला तेव्हा मी आमच्या भागाचं शीट घरी आणलं. २०१५चा तो मसुदा. त्यात इतक्या चुका निघाल्या की सरकारनं तो बाजूला ठेवून नव्यानं काम करायला लावलं. पण त्या रात्री बाबांनी चष्मा पुसला, शीट जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि बोट फिरवायला लागले. रस्त्यांची नावं त्यांनी वाचलीच नाहीत. ते गिरण्यांचे भोंगे शोधत होते. ‘इथला पहिला व्हायचा. मग हा. हा जरा घोगरा होता.’ पिवळ्या, निळ्या, हिरव्या रंगांवरून त्यांचं बोट असं फिरत होतं की त्या कागदातून आवाज येतोय असं वाटावं.

गिरण्यांच्या जमिनीचं गणितही मला त्यांनीच समजावलं, तेही एका वाक्यात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानानं एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. सुमारे सहाशे एकर जमीन. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं या जमिनींचा एकत्रित विचार मांडला होता. २००१मध्ये नियमातले शब्द बदलले आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जागेपुरती राहिली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. बाबा म्हणाले, ‘अगं, गिरणीत मोकळी जागा होती कुठे? सगळं छपराखालीच होतं.’

एका शब्दानं मैदानं गेली, घरं गेली. नकाशावरचा शब्द असा जमिनीत उतरतो. म्हणून मी फलकावरचा प्रत्येक शब्द उतरवून घेते, अगदी ‘प्रस्तावित’सुद्धा.

म्हाडानं गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली ती जून २०१२मध्ये, ६,९२५ घरांची. संपाला तीस वर्षं झाली होती. बाबांनी अर्ज भरला होता. नंबर लागला नाही. ते त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. पावती मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराखाली ठेवली होती, ती अजून माझ्याकडे आहे.

चौरस फूट मोजले गेले. जिने कुणी मोजले नाहीत. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, रोज सकाळी लोकलमधून माणसांचे लोंढे उतरायला लागले आणि स्टेशनाचा पूल होता तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन स्टेशनाच्या त्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. त्या रविवारी मी वही घेऊन निघाले आणि भारतमातापर्यंत जाऊन परत आले.

त्याच वर्षी १ मेपासून महारेराचं काम सुरू झालं होतं आणि माझ्यासारखीला खूप सोपं झालं, हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. आधी तारीख म्हणजे साइट ऑफिसातल्या माणसाचा शब्द होता. आता प्रकल्पाची नोंद, मंजूर आराखडे, पूर्ण होण्याची मुदत, मुदतवाढ, दर तिमाहीला द्यायचा कामाचा हिशोब, सगळं कुणालाही पाहता येतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. घर विकत घेणाऱ्याला यानं फार मोठा आधार दिला.

पण वहीचे रकाने भरता भरता एक गोष्ट ध्यानात आली आणि ती अजून खुपते. एकाच आवारात दोन इमारती उठतात. एक सेलची, एक रिहॅबची. सेलची इमारत विकायची असते म्हणून तिची नोंद होते, तिला तारीख असते. रिहॅबची इमारत जुन्या भाडेकरूंची. ती विकायची नसते, म्हणून तिची तशी नोंद करावी लागत नाही. ज्यांची चाळ पाडून हे सगळं उभं राहतं त्यांच्या घराच्या पुढे माझ्या वहीत तारखेचा रकाना कोराच राहतो. ‘सेल सतरावा स्लॅब, रिहॅब जोत्याला अडकली,’ असं मी किती पानांवर लिहिलं असेल. नवा येणारा आणि आधीपासून असणारा, दोघंही घराचीच वाट पाहत असतात. तारीख एकालाच मिळावी हे मला कधीही मान्य होणार नाही.

बीडीडी चाळींचं पान याला अपवाद ठरलं, उशिरा का होईना. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं त्या बांधल्या आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला होता. वरळीत अशा १२१ चाळी. खोली १६० चौरस फुटांची आणि तिच्यात तीन पिढ्या. त्या जागी प्रत्येकाला ५०० चौरस फुटांचं घर, असा म्हाडाचा प्रकल्प ठरला. भूमिपूजन एप्रिल २०१७मध्ये जांबोरी मैदानावर झालं, तेव्हापासून मी ते पान उघडून बसले होते. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. नंतरच्या रविवारी मी वरळीला गेले. खाली एक आजोबा टॉवरकडे मान वर करून मजले मोजत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. शेवटच्या रकान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा ‘परत आले’ लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, पण ते गिरवायला मन झालं नाही.

आमची चाळ २०१४मध्ये रिकामी झाली. तीन वर्षांत या, असं करारात होतं. भाडं आधी दर महिन्याला आलं, मग तिमाहीला, मग थांबलं, मग पुन्हा थोडं आलं. वीस खोल्यांपैकी पाच विरारला, तीन बदलापूरला, दोन गावी, एक सुरतेला लेकाकडे, बाकीचे दिवा-कळव्याच्या बाजूला. हे सगळं शेवटच्या रकान्यात आहे. बाबा विरारच्या भाड्याच्या खोलीत गेले. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी वही मागून घेतली, आमचं पान काढलं आणि ‘जुनं नाव’च्या पुढे, जिथे मी चाळीचं नाव लिहिलं होतं, तिथे खोलीचा नंबर घातला. १७.

शेजारच्या काकी आता पंच्याऐंशीच्या आहेत, नालासोपाऱ्यात असतात. रविवारी दहाच्या आसपास त्यांचा फोन येतो. गेल्या रविवारी आला तेव्हा मी आमच्याच पत्र्यापाशी उभी होते. फटीतून रिहॅबच्या बाजूचं दिसत होतं: पाऊस पिऊन तांबूस झालेल्या सळया, त्यांच्यात उगवलेलं एरंडाचं झाड आणि त्याच्या पलीकडे, महिन्यापूर्वी नव्हतं ते, फळ्या काढून मोकळं केलेलं ताजं काँक्रीट. मी पुन्हा पुन्हा मोजलं.

‘गो बाय, आज काय दिसलं?’

‘काकी, खांब. आपल्या बाजूचे. चौदा आहेत.’

पलीकडे थोडा वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, ‘लिही हां तू. आणि उजेड कुठल्या अंगानं येईल ते जरा बघून ठेव.’

मी ठोकळ्यावर चढले आणि सूर्य कुठे आहे ते पाहिलं.