आधी वायरिंग, मग इंजिन

झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवून द्या, असं म्हणत कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अख्खी गाडी मिळतेय, की नुसतं इंजिन? नुसतं इंजिन असेल तर मी काम हातात घेत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन येतं ते डिझेलने धुऊन चमकवलेलं आणि प्रत्येक कपलरमागे वीतभर वायर लोंबत असलेलं. उतरवणाऱ्याला घाई असते, तो पकडीने वायरी तोडून मोकळा होतो. कुठली वायर वाटेत कुठे फुटली होती, कुठल्या दोन जणी एका अर्थवर येत होत्या, कुठला रिले कुणाला करंट देत होता, हे सगळं त्या घावात जातं. इंजिन कुठेही मिळेल. त्याचं अखंड वायरिंग आणि त्याच गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, मिळणं, हे खरं घबाड.

बसवण्याचं काम त्या मानाने सरळ आहे, कारण ही दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच जी घराण्यातली. १९९३ साली आलेल्या झेनचं ९९३ सीसीचं, बोअर ७२ आणि स्ट्रोक ६१ मिलिमीटर. एस्टीमचं १२९८ सीसीचं, बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्ही ॲल्युमिनियमची. झेनची ताकद ५० बीएचपी, तर सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय एस्टीमची ८५. एवढ्या हलक्या गाडीत ही ताकद उतरली की डर्ट ट्रॅकवर गाडीचा स्वभावच पालटतो. म्हणूनच पोरं या जोडीच्या मागे असतात.

चेन पुलीवरून इंजिन खाली सोडलं, फाउंडेशनचे बोल्ट हाताने धरले, की मी शाडूच्या मातीचे गोळे मागवतो. इनटेकच्या, फिल्टरच्या, जे जे उंच दिसेल त्याच्या डोक्यावर एकेक गोळा ठेवायचा, बॉनेट हलकेच बंद करायचं आणि उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. डोळ्यांना बोटभर फट दिसते, माती खरं काय ते सांगते. आणि इंजिन एका जागी बसत नाही. पिकअप घेताना ते फाउंडेशनच्या रबरावर मागेपुढे डोलतं. त्या डुलण्याला जागा ठेवूनच बोल्ट आवळायचे.

कायद्याचं इथेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. आरसीवर ९९३ आणि बॉनेटखाली १२९८, ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. माझ्याकडची अशी प्रत्येक गाडी ट्रॅकवर ट्रकमधून जाते आणि ट्रकमधूनच परत येते. ज्याला हे मान्य नाही त्याचं काम मी करत नाही.

आता वायरिंग. एस्टीममधून निघालेला पूर्ण हार्नेस मी प्लायवूडवर पसरतो, गाडीत होता तसाच, आणि जुनी टेप एका टोकापासून सोडवत जातो. प्रत्येक कपलरला चिठ्ठी. जे लागणार नाही ते कापायचं नाही. ईसीएमच्या कपलरमधली पिन बारीक सुईने मोकळी करून वायर मुळापासून बाहेर ओढायची. कापलेलं टोक टेपखाली राहतं आणि घाम, पाणी, धूळ यांच्या संगतीने कधीतरी दुसऱ्या कशाला तरी चिकटतं.

काय काढायचं हे ठरवताना नवे मुलगे हमखास दोन गोष्टींवर घसरतात. एक, चेक इंजिनचा दिवा. शर्यतीच्या गाडीला दिवा कशाला, असं त्यांना वाटतं. चावी फिरवल्यावर तो पेटला आणि इंजिन सुरू होताच विझला, म्हणजे ईसीएम जागा आहे आणि त्याची तक्रार नाही. त्याच्याकडे बोलायला दुसरं तोंड नाही. दुसरी गोष्ट वेगाचा सिग्नल. तो नसला तरी गाडी पळते, पण वेगातून थांबायला येताना आयडलिंग गडबडतं, कारण गाडी चालते आहे की उभी आहे हे ईसीएमला कळत नाही.

आणि अर्थ. माझा निम्मा वेळ अर्थवर जातो आणि तो वाया जातो असं मला एकदाही वाटलेलं नाही. कूलंट सेन्सर थंड असताना जास्त रेझिस्टन्स दाखवतो, तापला की कमी. ईसीएम त्याला पाच व्होल्टच्या लाइनवर वाचतो: व्होल्टेज जास्त म्हणजे इंजिन थंड, म्हणजे पेट्रोल जास्त सोडा. या सेन्सरची परतीची वायर ईसीएमकडे न नेता कोणी जवळच्या बॉडीला जोडली, की सेल्फचा, फॅनचा, हेडलाइटचा करंट ज्या पत्र्यातून वाहतो त्याचे दोन-चार दशांश व्होल्ट या सिग्नलमध्ये मिसळतात. इंजिन तापलेलं असतं, ईसीएमला ते कोमट वाटतं. प्लग काळे पडतात, मालक इंजेक्टर साफ करून घेतो, मग बदलतो, आणि दोष जागच्या जागी राहतो. म्हणून सेन्सरचे अर्थ ईसीएमकडे, इंजिनचा जाड अर्थ ब्लॉकवरून थेट बॅटरीला. सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावायचा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर पुढे जायचं नाही.

मीटरवर विसंबण्यालाही मर्यादा आहे. वायरीतले सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर बीप देतो. पेट्रोल पंपाची वायर मी हेडलाइटचा बल्ब लावून तपासतो. बल्ब पांढरा स्वच्छ पेटला तर वायर धड, पिवळा पडला तर वायर मेली. जोडाला सोल्डर नाही, चांगल्या क्रिंपिंग पकडीने दाबलेला जोड. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

पेट्रोलच्या बाजूला दया-माया नसते. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब एका बारच्या पाव भागाच्या आसपास, इंजेक्शनला अडीच ते तीन बार लागतात. जुना रबरी पाइप तेवढ्यावर फुगतो, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. पाइप इंजेक्शनचाच, क्लिपही त्याच कामाच्या, टाकीकडे परतीची लाइन हवीच.

पहिली चावी मी सकाळीच फिरवतो, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. तेव्हा हवेच्या सेन्सरचं तापमान आणि कूलंटचं तापमान एकच असायला हवं. फरक दिसला तर सेल्फला हात लावायचा नाही. मॅप सेन्सरच्या व्होल्टेजवरून हवेचा दाब काढायचा: पुण्याच्या उंचीवर साधारण ९५ किलोपास्कल, मुंबईला १०१ च्या आसपास. इग्निशन ऑन केल्यावर मेन रिले टक् करतो, पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि आपोआप थांबतो. थांबला नाही तर रिलेच्या वायरी उलटसुलट आहेत.

गाडी मालकाच्या ताब्यात देताना सोबत मी हाताने काढलेला नकाशा देतो. प्रत्येक वायरीचा रंग, ईसीएमची पिन, फ्यूजचे अँपिअर, अर्थच्या जागा. कागद लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये. गाडी बिघडली तर ती माझ्याकडेच येईल असं नाही. ट्रॅकच्या गावातल्या ज्या मेकॅनिकच्या हाती ती लागेल त्याने वायरी सोलून अंदाज बांधावेत हे मला चालणार नाही. त्याने कागद उघडावा, चौदा नंबरच्या पिनवर टेस्ट लॅम्प लावावा आणि कामाला लागावं.