साइज बसते, वजन बसत नाही

आमचे आबा नांदेड-लातूर रस्त्यावर पिकअप चालवतात. लोहा, अहमदपूर, चाकूर मागं टाकत लातूरच्या मार्केट यार्डात जायचं. कधी तूर, कधी हरभरा, दिवाळीच्या आसपास सोयाबीन. मागच्या उन्हाळ्यात गाडीचे मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. एका दुकानात स्वस्तातली जोडी दाखवली. “साइज तीच हाय आबा, बसतंय की!”

बसत होतंच. प्रश्न पेलण्याचा होता.

टायरच्या कडेवर आधी साइज असते, समजा 185 आर 14. तिच्यापुढं अजून एक आकडा आणि त्याला चिकटून इंग्रजी अक्षर. अक्षर वेगमर्यादेचं. आकडा म्हणजे लोड इंडेक्स. 91 असेल तर एका टायरनं जास्तीत जास्त 615 किलो पेलायचे. 102 असेल तर 850. त्या दुकानातला टायर कारचा होता, 91चा. मालवाहू गाडीच्या टायरवर ‘सी’ किंवा ‘एलटी’ अशी खूण असते आणि 102/100 असे दोन आकडे. पहिला एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकाचा.

मी आबांना म्हटलं, घ्यायच्या आधी एकदा काट्यावर जाऊ. हरभऱ्याचे 50 किलोचे 20 कट्टे भरले होते. वजनकाट्यावर फक्त मागची चाकं घेतली. 1,500 किलो. म्हणजे एका टायरवर 750. 91ची जोडी 1,230 किलोंची, 102ची 1,700ची. दुकानात न सुटलेला वाद इथं एका वजाबाकीत सुटला.

टायर खड्ड्यातच फुटतो असं नाही. वजन जास्त किंवा हवा कमी असली की त्याची कड जास्त वाकते. चाकाच्या दर फेऱ्याला वाकून सरळ होताना ती आतून तापत जाते. त्यात आपल्याकडचा मे महिना. म्हणून गाडी थंड असतानाच हवा तपासायची, कंपनीनं सांगितली तेवढीच भरायची. जुना माल गळ्यात पडू नये म्हणून कडेवरचे चार आकडे वाचायचे: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा.

आम्ही 102ची जोडी घेतली. पैसे जास्त गेले. आबा म्हणाले, “मग आता पंचवीस कट्टे टाकायला हरकत नाय.”

हरकत होती. टायर दणकट झाला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ब्रेक, पाटे, अ‍ॅक्सल तेच असतात. आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण पाच कट्टे वर टाका म्हणणारा व्यापारी भाडं तेवढंच देतो, आणि नाही म्हटलं तर मागं दुसरी गाडी उभीच असते. वजन ठरवणारा यार्डातच राहतो. ते घेऊन घाटा-वळणांतून आबांना जावं लागतं.

यंदा सोयाबीनच्या दिवसांत एका आडत्यानं असाच आग्रह केला. आबा म्हणाले, “मालक, आरसीवर हाय तेवढंच नेतो.” ते भाडं दुसऱ्या गाडीला गेलं. आबा टपरीवर चहा घेत बसले. तीन वाजता वीस कट्ट्यांचं भाडं मिळालं.