"तिच्याकडे सामान नाही"

शाळेच्या सहलीची संमतिपत्रं गोळा करताना एक गोष्ट मला पाठ झाली आहे. मुलीला पाठवायचं नसलं तरी घरून "आम्ही पाठवत नाही" असं क्वचितच येतं. "तिच्याकडे सामान नाही" असं येतं. बूट नाहीत, बॅग नाही, बुरखा घालून चढणार कशी? म्हणून डिसेंबरात माझी थोरली कॉलेजच्या ग्रुपबरोबर दोन दिवस हरिश्चंद्रगडावर जायचं म्हणाली, तेव्हा आधी सामानाचा प्रश्नच हातात घेतला.

पैसे दोनच वस्तूंवर घालायचे ठरवलं, बूट आणि सॅक. बाकी सगळं घरातलं किंवा मागून आणलेलं.

बूट घ्यायला संध्याकाळी गेलो, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजेही सोबत नेले. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच, नाहीतर उतारावर अंगठा आपटून नखं काळी पडतात. दुकानदार घोटा झाकणारे जड बूट पुढे करत होता. पाचनईच्या सोप्या वाटेला, पाठीवर मोजकं ओझं असताना, ते कशाला? खोल खाचांचा रबरी तळवा असलेले हलके बूट घेतले.

सॅक त्याने साठ लिटरची दाखवली. एका मुक्कामाला चाळीस पुरते. सॅक मोठी असली की माणूस ती भरतोच. रंगापेक्षा कमरेचा पट्टा पाहावा. तो कंबरेच्या हाडावर नीट बसला तर बरंचसं वजन खांद्यांवरून कमरेवर उतरतं. सॅक रिकामी घालून आरशात बघण्यात अर्थ नाही. आम्ही तिच्यात सात-आठ किलो भरून मुलीला दुकानाचा जिना दोनदा चढायला लावला. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं नको, असा साधा हिशोब आहे. ती पंचेचाळीस किलोची, म्हणजे नऊ किलो, तेही पाण्यासकट.

खरी अडचण कपड्यांची होती. सुती म्हणजे चांगलं, असं आपण धरून चालतो. डोंगरात सुती कुडता घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि सूर्य कलल्यावर अंगावर गार पडतो. त्यामुळे पटकन वाळणारे, गुडघ्यापर्यंतचे, बाजूला चिरा असलेले कुडते शिवून घेतले आणि रात्रीसाठी लोकरी स्वेटर दिला. बुरख्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि त्या दोन दिवसांत तिला कोणीच विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "अम्मी, स्कार्फ बांधीन. बुरखा चढणीवर पायात येतो." मग टाचण्या न लागणारा, ताणला जाणारा स्कार्फ आणला, ज्याची टोकं सॅकच्या पट्ट्यात किंवा झुडपात अडकत नाहीत. दादी गप्प बसल्या. ती संमती होती की नाराजी, मला अजून कळलेलं नाही.

नमाजसाठी वेगळं ओझं लागत नाही. जाड मखमली जायनमाज घरीच राहिली, पातळ चादर पुरते. स्वच्छ जमीन असेल तर तीही लागत नाही. किब्ला ढोबळ मानाने पश्चिमेला, कोकणकडा पाहतो त्याच बाजूला. वजूला पाणी किती लागतं? रसूल (स.) एक मुद पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. नळ सोडून वजू करणाऱ्या आपल्याला हे डोंगरातच आठवावं! पिण्यापुरतंच पाणी उरलं तर तयम्मुम आहेच.

टॉर्च डोक्याला बांधायचा घेतला, म्हणजे हात मोकळे राहतात. सगळे कपडे आधी एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये.

निघायच्या आदल्या रात्री ती सॅक घेऊन काट्यावर उभी राहिली, मग सॅकशिवाय. फरक नऊ किलो चारशे ग्रॅम. उघडून पाहिलं तर तळाशी दादींचा खिम्याच्या सामोशांचा डबा. तो राहिला, दुसरा स्वेटर निघाला.