कड्यांच्या वाटेवर : लिंगाणा

शुक्रवार, मोहरी

पुण्याहून वेल्हेमार्गे मोहरी गाठेपर्यंत अंधार पडला. ओसरीवर सॅक मोकळ्या केल्या आणि दोर, हार्नेसच्या आधी सगळ्यांचे बूट कंदिलाच्या उजेडात घेतले. मागच्या भागात सामानाबद्दल लिहिताना बूट मुद्दाम वगळले होते. ते वाटेवरूनच लिहायचे होते.

एकाचे घोट्यापर्यंतचे जाड बूट दोन-तीन पावसाळे कपाटात पडून होते. वरून नवेकोरे, पण टाचेजवळ अंगठ्याने दाबलं तर तळाचा थर भुसभुशीत लागला. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा मधला थर न वापरताही कुजतो आणि मग तळ अख्खा सुटून येतो. ते बूट इथेच ठेवायचे ठरलं. सॅकमधले त्याचे रोजचे ॲक्शन ट्रेकिंगचे बूट त्यापेक्षा कितीतरी भरवशाचे.

शनिवार, बोराट्याची नाळ

उजाडताच नाळेत उतरलो. घरांएवढ्या धोंड्यांपासून मुठीएवढ्या दगडांपर्यंत सगळं एकावर एक रचलेलं, त्यातलं निम्मं हलतं. बुटाची खरी परीक्षा कड्यावर होत नाही, इथे होते. प्रत्येक उतरत्या पावलाला बोटं पुढे सरकतात. पुढे अंगठ्याएवढी जागा नसेल तर संध्याकाळी नखं काळी पडलेली असतात. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून घ्यावेत आणि दुकानातल्या जिन्यावरून उतरून बघावेत. सपाट फरशीवर चार पावलं टाकून काही कळत नाही.

खोल नक्षीचा तळ ही गिर्यारोहणातली मोठी देणगी. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये गिर्यारोहक विटाले ब्रामानीचे सहा सोबती दगावले. पायातले बूट त्या थंडीला अपुरे होते, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही आणि १९३७ मध्ये त्याने रबराचा खाचांचा तळ आणला. तोच व्हिब्राम. मातीत, वाळल्या गवतात आणि घसाऱ्यावर या खाचा रुततात. उघड्या कातळावर मात्र रबराचा जितका भाग दगडाला टेकेल तितकी पकड मिळते, म्हणून ॲप्रोच शूच्या, म्हणजे कड्यापर्यंत चालत जाण्याच्या हलक्या बुटाच्या, टोकाशी खाचा नसतात. तिथे सपाट, चिकट रबर असतं. नाळेतून लिंगाण्याच्या खिंडीकडे जाणाऱ्या आडव्या वाटेवर दोन्ही लागतात. एका बाजूला दरी, पायाखाली मुरूम, मध्येच कातळाचा तिरका पट्टा. इथे मला ॲप्रोच शूच हवा, घोट्याचा उंच बूट नको. घोट्याला आधार मिळतो हे खरं, पण जाड तळातून दगडाचा हालता काठ कळत नाही, आणि पुढे तेच वजन हार्नेसला लटकवून वर न्यायचं असतं.

बरोबरचे गावातले मामा रबरी चपलांत होते. "दगड आधी हलवून बघा दादा, मग भार टाका," एवढंच ते म्हणाले. त्यांचं पाऊल कुठे पडतं ते बघत चाललो आणि माझा वेग आपोआप निम्म्यावर आला.

रविवार, लिंगाणा

खिंडीत पहिल्या चढणाऱ्याने क्लाइंबिंग शूज घातले. त्यात बोटं वळलेली असतात, चालवत नाही, पण नखाएवढ्या कंगोऱ्यावर पाय ठरतो. दोर लागल्यावर आम्ही बाकीचे ॲप्रोच शूमध्येच वर गेलो आणि बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रचनेवर कुठे अडलो नाही. गुहेजवळ ओलसर शेवाळ होतं. तिथे कुठलंच रबर धरत नाही, हात पक्के लागतात.

समोर रायगड स्वच्छ दिसत होता. रॅपल करून उतरलो आणि मोजे बदलून, कोरड्या पायांनी, नाळ चढायला घेतली.

सोमवार, मोहरी

बुटांतले खडे झाडून नाड्या मोकळ्या केल्या. रबर उन्हात आणि चुलीजवळ वाळवू नये, डिंक सुटतो. म्हणून आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवलेत. पुढचा मुक्काम तैलबैला. तिथल्या भिंतींपर्यंतची चाल थोडी, कातळ जास्त, म्हणून आमच्यात नव्याने येणाऱ्या एका मुलीला मी हलके, पातळ तळाचेच बूट आणायला सांगितलं आहे.